‘डेसिमेट’ : दहातला एक आणि उरलेले नऊ

इंग्रजी भाषेत विनाशवाचक शब्दांची वाण नाही. डिस्ट्रॉय, डेव्हास्टेट, रॅव्हेज, अ‍ॅनिहिलेट असे कितीतरी शब्द कोशांत शेजारी शेजारी बसलेले दिसतात, आणि वृत्तपत्रीय इंग्रजीत ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. या मेळ्यात ‘डेसिमेट’ हा शब्द एका कारणाने वेगळा आहे. त्याच्या पोटात आकडा आहे. लॅटिनमध्ये ‘डेकेम’ म्हणजे दहा. आपल्या ‘दशन्’ची ही सख्खी बहीणच. ‘डेकिमुस’ म्हणजे दहावा, म्हणजेच आपला ‘दशम’. ‘डेसिमल’ला मराठीने ‘दशांश’ म्हटले तेव्हा नाते आपोआप जुळले. पण त्याच घरातल्या ‘डेसिमेट’ला मात्र मराठीत अद्याप घर मिळालेले नाही. ते का मिळाले नाही, आणि मिळायला हवे का, हा या टिपणाचा विषय.

मूळ प्रथा रोमन सैन्याची. एखाद्या तुकडीने पळ काढला किंवा बंड केले, तर त्या तुकडीतील माणसे चिठ्ठ्या टाकून निवडली जात, सुमारे दहांतून एक. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली त्याला त्याच्याच सोबत्यांनी दांडक्यांनी वा दगडांनी मारायचे. तो शूर होता की भ्याड, पळाला होता की उभा राहिला होता, याची चौकशी नाही. पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने या शिक्षेचे वर्णन करताना एक तपशील दिला आहे आणि तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. जे वाचत, त्यांना गव्हाऐवजी जवाचा शिधा मिळे आणि छावणीच्या तटाबाहेर, संरक्षण नसलेल्या जागी मुक्काम करावा लागे. स्पार्टाकसच्या बंडाच्या वेळी, इ. स. पूर्व ७१ च्या सुमारास, क्रॅससने ही जुनी शिक्षा पुन्हा अमलात आणली. म्हणजे ‘डेसिमेशन’ हा शब्द मेलेल्या एकापेक्षा जिवंत नऊ जणांसाठी योजलेल्या शिक्षेचा होता. मरणारा सुटे. त्यापुढचे जगणे हीच शिक्षा.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळात आला आणि काही काळ त्याने आकडा सांभाळला. क्रॉमवेलच्या राजवटीत १६५५ मध्ये राजनिष्ठांच्या उत्पन्नावर दहा टक्क्यांचा कर बसला, त्यालाही ‘डेसिमेशन’ म्हणत. पुढे मात्र आकडा सुटत गेला. दहांतून एक मारणे, मोठा हिस्सा मारणे, जवळजवळ सगळे संपवणे असा त्याचा प्रवास झाला. अमेरिकन यादवी युद्धाच्या वार्ताहरांनी हा शब्द सरसकट ‘प्रचंड कत्तल’ अशा अर्थी वापरला, तेव्हा रिचर्ड ग्रँट व्हाइट या भाषाचिकित्सकाने १८७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यावर तक्रार केली. ती तक्रार आजतागायत चालू आहे. एक पक्ष म्हणतो, दहापैकी एक एवढाच अर्थ शुद्ध. दुसरा म्हणतो, भाषा वापराने ठरते, आणि रोमन शिक्षा आज कोणी देत नाही. कोशकारांनी बहुधा दोन्ही अर्थ नोंदवून वाद मिटवला आहे.

आम्ही व्युत्पत्तीच्या बाजूने उभे राहणार नाही. शब्दाचा जन्म म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे, हे भाषाविज्ञानाच्या पहिल्याच पाठात शिकवावे लागते, आणि ते शिकवायला मराठीतच उत्तम उदाहरण आहे. ‘बेचिराख’ हा शब्द घ्या. मूळ फारसी ‘बे-चिराग’, म्हणजे दिव्यावाचून. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही ते बेचिराख गाव. महसुली दप्तरांत हा शब्द निर्जन गावाची नोंद करण्यासाठी येतो. त्यात ना आग आहे, ना शत्रू. गाव उठून गेले, पाणी आटले, साथ आली, कारण काहीही असो. दिवा नाही एवढेच ते सांगते. पण मराठी कानाला त्यात ‘राख’ ऐकू आली. मग बेचिराख होणे म्हणजे जळून राख होणे झाले, आणि आता बॉम्बहल्ल्यात शहरे बेचिराख होतात. मूळ अर्थ शांत होता, नवा अर्थ धगधगता आहे. या बदलाबद्दल तक्रार करणारा एखादा ग्रँट व्हाइट मराठीला भेटला असता तरी काही बिघडले नसते. शब्द जायचा तिथे गेलाच असता.

तरीही एक गोष्ट हरवली. ‘दिवा नसलेले गाव’ ही कल्पना एका शब्दात सांगण्याची सोय गेली. अर्थ बदलला म्हणून चूक झाली असे नाही, पण अर्थ बदलताना काय हातचे सुटले याचा हिशेब ठेवणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. ‘डेसिमेट’बद्दल आमचा प्रश्न एवढाच आहे.

आता मराठीच्या विनाशवाचक शब्दांकडे पाहू. संस्कृताकडून आलेले शब्द पाहिले, तर त्यांच्या मुळाशी निरनिराळी चित्रे आहेत. ‘नाश’ हा ‘नश्’ धातूपासून. त्याचा जुना अर्थ दिसेनासे होणे. ‘ध्वंस’ आणि ‘उद्ध्वस्त’ यांच्या मुळाशी ढासळणे, गळून पडणे आहे. ‘संहार’ म्हणजे तर एकत्र आवरून घेणे; पसरलेले सगळे पुन्हा मुळाशी ओढून घेणे. फारसीकडून आलेला ‘नेस्तनाबूत’ शब्दशः ‘नाही आणि नव्हतेच’ असे म्हणतो. जे होते ते गेले एवढ्यावर तो थांबत नाही, ते कधी होते हेही पुसून टाकतो. ‘नामशेष’ याच्या अगदी उलट : सगळे गेले, नाव उरले. आणि घरगुती मराठीतले ‘वाटोळे’, ‘धूळधाण’, ‘राखरांगोळी’, ‘सत्यानाश’ हे शब्द तर शिव्याशापांतून आलेले, पण अचूक नेम धरणारे.

हे सारे शब्द बारकाईने पाहिले की एक वैशिष्ट्य जाणवते. ते पूर्णतेचे शब्द आहेत. सगळे दिसेनासे झाले, सगळे ढासळले, सगळे आवरून घेतले. अंशतः विनाशासाठी ‘पडझड’, ‘नासधूस’, ‘हानी’, ‘नुकसान’ आहेत, पण ते मोघम आहेत. किती पडले, किती नासले, हे ते सांगत नाहीत. प्रमाण पोटात घेऊन जन्मलेले विनाशवाचक क्रियापद मराठीत आम्हांस आढळले नाही.

अनुवादाच्या तासाला हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. धाराशिव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात आम्ही मराठी शिकवतो, आणि अनुवादकौशल्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी इंग्रजी बातम्यांतील वाक्ये मुलांपुढे ठेवतो. अतिवृष्टीने सोयाबीन ‘डेसिमेट’ झाल्याचे एक वाक्य होते. बहुतेकांनी ‘उद्ध्वस्त’ लिहिले, काहींनी ‘नेस्तनाबूत’. आमच्यापैकी एकाने फळ्यावर शब्दाचे मूळ मांडले आणि विचारले, की दहापैकी एक असा अर्थ धरला तर काय लिहाल? मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘‘सर, दहावा वाटा तर पाखरंच खातेत की! त्याला कोण नुकसान म्हणतं?’’

वर्ग हसला. पण हे उत्तर कोणत्याही इंग्रजी कोशातील टिपेपेक्षा सरस आहे. कारण त्याने प्रमाणाच्या पुढचा प्रश्न विचारला : दहावा वाटा कशाचा? पिकाचा दहावा वाटा गेला तर आमच्याकडे ते वर्ष चांगले म्हणून लक्षात राहते. घराचा दहावा वाटा गेला तर एखादी भिंत पडली. गावातील माणसांचा दहावा वाटा गेला तर एकही गल्ली सुतकावाचून राहत नाही. अपूर्णांक एकच, पण त्याचे वजन वस्तूवर ठरते. इंग्रजीतील शुद्धतावादी पक्ष इथेच चुकतो. दहापैकी एक म्हणजे थोडेच, असे तो गृहीत धरतो. रोमन तुकडीतील उरलेल्या नऊ जणांना ते थोडे वाटले नसणार.

वस्तुतः प्रमाणात विनाश मोजण्याची रीत मराठीला अपरिचित नाही. ती क्रियापदांत सापडत नाही, ती रुपयाआण्यांत सापडते. ‘यंदा आठ आणे पीक आहे’, ‘चार आणेही हाती लागलं नाही’ अशी वाक्ये आजही इथल्या पारावर ऐकू येतात. सोळा आणे म्हणजे भरघोस, पूर्ण पीक. त्यातून किती आले ते आण्यांत सांगायचे. महसूल खात्याने हीच रीत उचलली आणि तिला ‘आणेवारी’ म्हटले. १ एप्रिल १९५७ पासून नाणी दशमान झाली, आणा गेला, आणि यथावकाश आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली. गावाची पैसेवारी पन्नास पैशांपेक्षा कमी की जास्त, यावर टंचाईच्या सवलती ठरत आल्या आहेत. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र अजून आणाच आहे. व्यवहारातून बाद झालेले नाणे दुःख मोजायला शिल्लक राहिले.

या मोजमापात एक गमतीचा, पण विचार करायला लावणारा शब्द आहे. पैसेवारी तीन टप्प्यांत जाहीर होते : नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम. मराठी दप्तरात ‘नजरअंदाज’ म्हणजे डोळ्यांनी पाहून केलेला अंदाज. हिंदी-उर्दूत ‘नजरअंदाज करणे’ म्हणजे दुर्लक्ष करणे. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत राहिलेल्या, उर्दू दप्तराची सवय असलेल्या या मुलखात दोन्ही अर्थ कानांवर पडतात. पिकाची नजरअंदाज पैसेवारी पन्नासच्या वर लागली की गावकरी कोणता अर्थ घेतात, हे वेगळे सांगायला नको.

शासनाच्या व्याख्या पाहिल्या तर विनाशाला उंबरठे असतात, हे ध्यानात येते. पीक तेहतीस टक्के वा अधिक गेले तर मदत. २०१५ पूर्वी हाच उंबरठा पन्नास टक्के होता. घराची अंशतः पडझड किमान पंधरा टक्के हवी. महसूल मंडळात एका दिवसात पासष्ट मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. या हिशेबात ‘डेसिमेट’चा मूळ अर्थ कुठेच बसत नाही. दहा टक्के पीक गेले तर पंचनामा नाही. दहा टक्के घर पडले तर तेही नाही. रोमन शब्दाचा विनाश आपल्या तलाठ्याच्या नोंदवहीत विनाश ठरत नाही.

उंबरठे नसावेत असे आमचे म्हणणे नाही. मदत द्यायची तर कुठेतरी रेघ ओढावी लागते. पण जिथे रेघ ओढली जाते तिथे शब्द हा केवळ शब्द राहत नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये परंडा, भूम या भागांत जो पाऊस झाला, त्या वेळी ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी गावोगाव झाली. असा शब्द नियमपुस्तकात नाही, तथापि दुष्काळात मिळतात त्या सवलती देऊ, अशी भूमिका शासनाने घेतली. त्याच वेळी दुसऱ्या एका शब्दाचे उलट झाले. ‘जमीन खरडून गेली’ हे शेतकऱ्याच्या तोंडचे साधे वाक्य मदतीच्या घोषणेत स्वतंत्र वर्ग म्हणून आले. पीक जाणे वेगळे, माती जाणे वेगळे, हा भेद बोलीने आधीच केला होता; तो कागदाने मान्य केला. एक लोकशब्द दाराबाहेर राहिला, एक आत आला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी शब्दशक्ती म्हणजे केवळ अभिधा, लक्षणा, व्यंजना एवढेच समजू नये. शब्दाला हेक्टरी दरही असतो.

आता ज्या घटनेपाशी हे सारे शब्द तोकडे पडतात तिच्याकडे यायला हवे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते आणि गावे उशिरा निजली होती. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२, जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच. केंद्र मात्र उथळ होते, आणि तेव्हाच्या नकाशात हा मुलूख भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पट्ट्यात दाखवलेला होता. तो तिसऱ्या पट्ट्यात गेला तो २००२ मध्ये. घरे दगडी, जाड भिंतींची, मातीत रचलेली. वर लाकडी माळवद आणि त्यावर पावसाळ्यागणिक चढत गेलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारा हा थर त्या पहाटे अंगावर आला.

लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. मृतांचा शासकीय आकडा ७,९२८. इतर काही नोंदींत तो ९,७४८ आहे. लोकांच्या तोंडी ‘दहा हजार’. या तीन आकड्यांतील अंतर म्हणजेच ‘डेसिमेट’च्या दोन अर्थांमधले अंतर आहे, असे आम्हांस कधी कधी वाटते. एक मोजलेला, एक मोजता न आलेल्याचा. ‘दहा हजार’ म्हणणारा माणूस अतिशयोक्ती करत नसतो. आपल्याला मोजता आले नाही, एवढेच तो एका वाटोळ्या आकड्यात सांगत असतो.

इथे जुन्या मराठीतील एक जोडी आठवते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. गावाचे सारे जगणे या दोन मातींमध्ये वाटलेले. १९९३ साली पांढरी कोसळली आणि काळी उभी राहिली. शिवारात खरिपाची पिके होती, पण ती काढायला अनेक घरांत माणूस नव्हते. २०२५ साली याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पुष्कळ ठिकाणी काळी वाहून गेली आणि पांढरी उरली. घर होते, पण नांगर लावायला माती नव्हती. या दोन्ही घटनांना इंग्रजी बातमी एकच क्रियापद लावील आणि मराठी बातमी त्याचे भाषांतर ‘उद्ध्वस्त’ असे करील. काय गेले आणि काय उरले याचा भेद मात्र ‘काळी-पांढरी’ म्हणणाऱ्या माणसाकडेच राहील.

नावाचाही प्रश्न आहे. हा भूकंप सर्वत्र ‘किल्लारीचा भूकंप’ म्हणून ओळखला जातो, आणि इंग्रजी लेखनात ‘लातूरचा भूकंप’ म्हणून. किल्लारी लातूर जिल्ह्यात. आणि लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतूनच निघालेला. भूकंपाने ही अकरा वर्षांची सीमा मानली नाही. सास्तूर, होळी, राजेगाव, रेबे चिंचोली, पेठ सांगवी ही गावे अलीकडच्या बाजूची. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होते, आज लोहारा तालुक्यात आहे. जिल्ह्याचे नावही २०२३ मध्ये धाराशिव झाले. म्हणजे १९९३ च्या कागदावरील सास्तूरचा तालुका आणि जिल्हा, दोन्ही नावे आज बदललेली आहेत. जगाच्या नोंदीत आपल्या भूकंपाला शेजारच्या जिल्ह्याचे नाव, आणि स्वतःच्या नोंदीत आपले जुने नाव पुसलेले. ‘नामशेष’ या शब्दाची इथे विलक्षण उलटापालट झाली आहे. नवे गाव जुन्याच नावाने उभे राहिले, म्हणून नाव उरले हे खरे. पण ज्या दुःखाला ते नाव लागायला हवे होते, त्याला दुसऱ्याचेच नाव लागले.

आणि आता उरलेले नऊ. पॉलिबिअसने सांगितलेला जवाचा शिधा आणि तटाबाहेरचा मुक्काम इथे आठवल्यावाचून राहत नाही. वाचलेल्यांनी पत्र्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत दिवस काढले. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले. त्याची व्याप्ती पाहता ते मोठेच काम होते, आणि ते नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. त्यांपैकी कितीतरी जण आज स्वतः पालक आहेत. पण पुनर्वसनाचीही एक भाषा होती. गावांचे अ, ब, क असे वर्ग पडले. स्थलांतरित गावांत घरांचे आकार तीन : २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट, आणि कोणाला कोणते, हे भूकंपापूर्वीच्या जमिनीवर ठरले. भूमिहीनाला सर्वांत लहान, सात हेक्टरांच्या वर असलेल्याला सर्वांत मोठे. चिठ्ठी टाकताना भूकंपाने सातबारा पाहिला नव्हता. घर वाटताना तो पाहिला गेला. ज्याच्या घरात पाच माणसे गेली आणि ज्याच्या घरात एकही गेले नाही, त्यांची जमीन सारखी असेल तर घर सारखे. हा हिशेब कुणाच्या दुष्टपणाचा नव्हता. पण नऊ जणांचे मोजमाप त्या एकाला वगळून केले की असेच होते.

या मुलखातील आणखी एका गणनेचा उल्लेख जड मनाने करावा लागतो. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणांची चौकशी होऊन त्यांपुढे ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असे लिहिले जाते. मदतीच्या नियमाला ते लिहिणे भाग आहे. परंतु मराठीच्या अभ्यासकाला ‘पात्र’ या शब्दाचे सारे अर्थ ठाऊक असतात : भांडे, योग्य व्यक्ती, नाटकातील भूमिका, नदीची वाट. मेलेल्या माणसाला अपात्र म्हणताना यांतला कोणता अर्थ उरतो? इथे विनाश एकेका घरात, वेगवेगळ्या दिवशी, चिठ्ठी काढल्यासारखा येतो. उरलेले गाव दुसऱ्या दिवशी पेरणीला जाते. ‘उद्ध्वस्त’ म्हणावे असे काहीही बाहेरून दिसत नाही. ‘डेसिमेट’चा मूळ अर्थ जर कुठे अक्षरशः लागू पडत असेल तर तो इथे : समूह उभा आहे, आणि त्यातून एकेक जण काढला जात आहे.

म्हणूनच वृत्तपत्रीय मराठीतील ‘उद्ध्वस्त’चा सुकाळ आम्हांस खटकतो. गारपिटीने द्राक्षबागायतदार उद्ध्वस्त, भाव पडल्याने कांदा उत्पादक उद्ध्वस्त, पराभवाने पक्ष उद्ध्वस्त. यांतील दुःख खोटे नाही. पण एकच शब्द सर्वांना वाटला की त्याची किंमत खाली येते, आणि खरोखर जिथे भिंत भिंतीवर राहिली नाही तिथे तो शब्द नुसता ध्वनी उरतो. सास्तूरला जो शब्द लावायचा तोच निवडणुकीच्या निकालाला लावला, तर सास्तूरविषयी बोलायला आपण काय शिल्लक ठेवले? आणि उलट बाजूने, मोठ्या शब्दाची सवय झालेल्या वाचकाला अंशतः विनाश दिसेनासा होतो. चार आण्यांचे नुकसान त्याच्या लेखी बातमीच नसते. हे त्या ‘नश्’ धातूच्या जुन्या अर्थासारखेच झाले : दिसेनासे होणे.

मग ‘डेसिमेट’चे मराठी काय करावे? आमचे मत असे की त्याला एक प्रतिशब्द शोधूच नये. मूळ रोमन संदर्भ असेल तर ‘दहांतून एकाला मारण्याची शिक्षा’ असे सरळ लिहावे. एका शब्दाचा हट्ट धरून ‘दशमांशवध’सारखे काही घडवले तर ते परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाहेर जगणार नाही. आजच्या बातमीतला ‘डेसिमेट’ आला तर अनुवादकाने थांबून तीन गोष्टी विचाराव्यात. काय गेले : काळी की पांढरी, पीक की माती, माणूस की घर? किती गेले : चार आणे की चौदा? आणि उरले कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मूळ बातमीत बहुधा सापडतात. सोयाबीनचे बारा आणे गेले असतील तर ‘सोयाबीन बारा आणे बुडाले’ हे वाक्य ‘उद्ध्वस्त’पेक्षा खरे आहे, आणि मराठीही आहे. सगळेच गेले असेल तर आपल्याकडे शब्दांची श्रीमंती आहेच; त्या वेळी ‘उद्ध्वस्त’ निःशंकपणे वापरावा, कारण तो त्या दिवसासाठीच राखून ठेवलेला असेल.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बातमीत नसते. मेलेल्यांची संख्या असते, पडलेल्या घरांची असते, वाहून गेलेल्या हेक्टरांची असते. उरलेल्या नऊ जणांनी त्यानंतर काय खाल्ले, कुठे झोपले, कुणाशी बोलले आणि कशाविषयी बोलणे टाळले, हे सांगायला कोणत्याच भाषेत क्रियापद नाही. त्यासाठी आख्यान लागते, आत्मकथन लागते, कादंबरी लागते. ते लिहिणे हे आमच्या वर्गांतून बसलेल्या, नव्या गावठाणांत जन्मलेल्या मुलामुलींचे काम आहे. भूकंप त्यांनी पाहिलेला नाही. पण २५० चौरस फुटांच्या घरात, भिंतीवरच्या फोटोतल्या माणसांची नावे ऐकत ती वाढली आहेत. आणि नऊ जणांचा हिशेब आता त्यांच्याच हाती आहे.